गोणीपेक्षा जड

लंकाबाईच्या पोटात दुखायला लागलं ते वसुबारसेच्या सकाळी, आणि ते दुखणं ओव्यानं बरं होणारं नव्हतं.

झालं असं, की तिच्या धाकट्या दिराची पोरगी वेदिका दिवाळीच्या सुट्टीला नामपूरला आली. नाशिकला कॉलेजात शिकते ती. ओट्यावर बॅग टेकवली, तांब्याभर पाणी प्यायली आणि तोंड पुसता पुसता म्हणाली, "काकू, रोहितदादा भेटला होता मागच्या आठवड्यात. कसलं पुट ऑन केलंय त्यानं!"

लंकाबाई करंज्यांचं सारण परतत होती. उलथनं कढईतच थांबलं. रोहित तिचा एकुलता एक मुलगा, वय चोवीस, फेब्रुवारीपासून नाशिकला एका कंपनीत नोकरीला. "काय केलं म्हणतीस त्यानं?" तिनं विचारलं, आणि तेवढ्या वेळात पोलीस, मोटरसायकल, पळवून आणलेली पोरगी असं सगळं तिच्या डोळ्यांपुढून जाऊन आलं.

"अगं काकू, पुट ऑन! म्हणजे वजन वाढलंय. गाल वर आलेत, शर्टाची बटणं ताणलीत. मी तर आधी ओळखलंच नाही."

"माय वं!" लंकाबाईनं गॅस बंद केला, देव्हाऱ्यापुढं जाऊन कपाळ टेकवलं आणि पदरानं डोळे पुसत परत आली. इथपर्यंत सगळं छान होतं. इथंच थांबली असती तर बाईची दिवाळी गोड झाली असती. पण ती कसली थांबते! परत येऊन तिनं विचारलं, "पण एकाएकी कशानं गं?"

"त्याची ती मेस आहे ना इंदिरानगरला, प्रतिभाकाकूंची? तिथलं जेवण मानवलंय त्याला."

मानवलंय! चोवीस वर्षं लंकाबाई हा एक शब्द ऐकायला आसुसलेली होती, आणि तो आला तो दुसरीच्या नावावर. सारण करपलं. तिनं ते तसंच ताटात उपसलं आणि विनाकारण मांजरावर ओरडली.

लंकाबाईचं हे दुखणं कळायचं तर तिच्या घरातला धंदा कळायला हवा. तिचा नवरा गेणू नामपूरच्या कांदा मार्केटात मापाडी. तीस वर्षं त्यानं वजनंच केली. आता ट्रॅक्टरच्या ट्रॅक्टर भुईकाट्यावर चढतात, पण गेणूची नजर अजून तशीच आहे. गोणीला नुसता हात लावून सांगणार, अठ्ठेचाळीस. काट्यावर घाला, अठ्ठेचाळीसच भरणार. अशा माणसाच्या घरी पोरगं जन्माला आलं ते वाळक्या शेंगेसारखं. ना दंडाला मांस, ना गालाला. बालवाडीत बाई म्हणायच्या, घरी जेवायला देता ना? या प्रश्नानं लंकाबाईच्या अंगाची आग व्हायची. देता ना म्हणजे? अळीव दिले, डिंक दिला, खारीक कुटून दुधातून दिली. मालेगावच्या हकिमाची पुडी झाली, सटाण्याच्या डॉक्टरांची बाटली झाली. डॉक्टर म्हणाले, पोरगं ठणठणीत आहे, हाड बारीक आहे, सोडून द्या. सोडून द्या! डॉक्टरांच्या बायकोला विचारायला पाहिजे होतं, सोडून देता येतं का ते.

लंकाबाईनं सोडलं नाही. रोहित जेवायला बसला की ती हातातलं काम टाकून त्याच्या समोर बसायची, गुडघ्यावर हनुवटी टेकवून. घास उचलला की तिचेही ओठ हलायचे. भाकरी अर्धी झाली की दुसरी पुढं करायची. त्यानं नको म्हटलं की तिचा चेहरा उतरायचा, मग तो अर्धी घ्यायचा, ती चिवडायचा आणि पाण्याबरोबर ढकलायचा. रोज. दोन्ही वेळेला. गावातल्या बायका म्हणायच्या, आई असावी तर अशी.

आणि मग ते गोणीचं झालं. रोहित तेव्हा अठरा वर्षांचा होता. बारावी पास झाला म्हणून बापाला पेढा द्यायला मार्केटात गेला. तिथं तीन बांबू वर बांधून जुना मोठा तराजू टांगलेला असायचा. मोतीराम हमाल, थट्टेखोर माणूस, त्यानं एका पारड्यात पन्नास किलोची गोणी टाकली आणि दुसऱ्यात रोहितला उचलून बसवलं. गोणी जागची हललीसुद्धा नाही. पोरगं वर लटकत राहिलं. "गेणूभाऊ," मोतीराम ओरडला, "कांदा भरला, पोरगं नाय भरलं!" सगळं मार्केट हसलं. रोहितही हसला. पण लंकाबाई नेमकी तेव्हाच गेणूचा डबा घेऊन आली होती आणि पोराचे पाय हवेत लोंबकळताना तिनं पाहिले. त्यानंतर दोन वर्षं रोहित मार्केटाच्या बाजूला फिरकला नाही.

त्याच दिवशी घरी परतताना मळ्याच्या वाटेवर देवीचं ठाणं आहे तिथं लंकाबाई थांबली. चप्पल काढली आणि नवस बोलली. "आई, माझं पोर गोणीपेक्षा जड होऊ दे. मी त्याच्या भारोभार गूळ वाटीन." रस्त्यानं जाणाऱ्या दोघीतिघींनी ते ऐकलं, म्हणजे संध्याकाळपर्यंत गावानं ऐकलं. नवस काही लपत नाही.

सहा वर्षं तो नवस तसाच पडून होता. आणि आता ही वेदिका म्हणते, पुट ऑन केलं.

करंज्या तळताना लंकाबाईनं तो शब्द परत काढला. मनात सलत होता ना! "वेदे, ते काय म्हणालीस मघाशी? पुट ऑन म्हणजे नक्की काय?"

"अंगावर चढवणं. शर्ट चढवतो, चप्पल चढवतो, तसं वजन."

"कोण चढवतं?"

"कोण म्हणजे? ज्याचं त्यानंच. ही पुट ऑन वेट. त्यानं वजन चढवलं."

"आन आयनं खाऊपिऊ घालून पोराचं वजन वाढवलं, तर इंग्रजीत काय म्हणत्यात?"

वेदिकानं जरा विचार केला. पोरगी हुशार, पण असं कुणी वर्गात विचारलं नव्हतं. "तसं नाही गं म्हणत. म्हणजे एक शब्द आहे, फॅटन. पण तो बोकडाला वापरतात. कापायच्या आधी चारून चारून जाड करतात ना, तेव्हा. माणसाला म्हटलं तर शिवी वाटेल." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि काकू, पुट ऑन सुद्धा कुणाला तोंडावर म्हणायचं नसतं हं. मी आपलं तुला सांगितलं. शहरात म्हटलं तर माणूस रुसतो, दुसऱ्या दिवसापासून भात सोडतो."

लंकाबाईनं कपाळाला हात लावला. इथं माहेराला आलेल्या लेकीला कुणी म्हटलं, अंग धरलंस गं, तर तिच्या आईला आभाळ ठेंगणं होतं. आणि ही भाषा म्हणते, बोलू नका. बोललात तर ज्यानं खाल्लं त्याचंच नाव घ्या. जी चुलीपुढं भाजली तिला काही नाही. "असल्या भाषेत आयला जागाच नाय," ती म्हणाली आणि करंजी तेलात अशी सोडली की वेदिका मागं सरकली.

धनत्रयोदशीला रोहित आला. त्याआधी तो आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, येऊन गेला होता तेव्हा होता तसाच होता, आणि फोनवर व्हिडिओ लावला की त्याचं नुसतं कपाळ आणि पंखा दिसायचा. आता दारात उभा राहिला तर दार भरलं. खरंच भरलं. मान जाड झालेली, मनगटावरचं घड्याळ आधी बांगडीसारखं फिरायचं ते बसलेलं. लंकाबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, त्याच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. गेणूनं पोराला पायापासून डोक्यापर्यंत एकदा बघितलं.

"बासष्ट," तो म्हणाला.

"साडेबासष्ट, दादा," रोहित हसला. "कंपनीत चेकअप झालं."

अर्ध्या तासात शेजारची भागीबाई आलीच. "आगं बया! लंके, काय चारलंस गं पोराला?"

बघा, चोवीस वर्षं ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो प्रश्न दारात चालत आला. लंकाबाईनं पदर सावरला, तोंड उघडलं, आणि तिच्या आधी ते शहाणं पोरगंच बोललं, "मेसचं जेवण, मावशी. प्रतिभाकाकू म्हणून आहेत आमच्या तिथं."

"लय गुणाची बाई दिसती," भागीबाई म्हणाली.

गुणाची! चार दिवस तो शब्द लंकाबाईच्या कानात वाजत राहिला. त्या चार दिवसांत तिनं जिवाचं रान केलं. पुरणपोळी झाली, मांडे झाले, तुपाची धार धरताना हात आखडला नाही. समोर बसून, गुडघ्यावर हनुवटी टेकवून तिनं त्याला वाढलं. आणि रोहितनं काय करावं? दीड भाकरी. एक पुरणपोळी, तीही चिवडत. "बास आई, पोट भरलं."

"तिथं खातूस आन इथं का नाय खात?"

"तिथंही एवढंच खातो गं."

खोटं बोलत होता. एवढंच खाऊन मान जाड होत नाही, हे मापाड्याच्या बायकोला कोण सांगणार! लंकाबाई रागावली की तिच्या तोंडून माहेरची अहिराणी बाहेर पडायची. पोरगं परत गेल्यावर ती गेणूला म्हणाली, "तिना हातमा असं काय शे? काय खवाडं तिनी मना पोऱ्याले?"

गेणू सुपारी कातरत होता. "काय का खाऊ घातलं असंना. नवस फेडून टाकू."

"कसला नवस? मी नाय फेडायची."

"देवीला बोललीस तू."

"मी म्हणलं होतं माझं पोर जड होऊ दे. त्या बाईच्या हातानं होऊ दे असं म्हणलं होतं का?"

"मग तुझ्याच हातानं होऊ दे असं तरी म्हणली होतीस का?" गेणू शांतपणे म्हणाला. या माणसाचा हाच वाईट गुण. वर्षातून एकदा बोलतो आणि काटा बरोबर मध्ये आणून ठेवतो. लंकाबाईनं त्या रात्री त्याच्या आमटीत मीठ घातलं नाही. मुद्दाम.

खरं सांगायचं तर ती जळत होती. दुसरा शब्द नाही. कधी न पाहिलेल्या त्या बाईचा चेहरा तिनं मनात तयार केला होता. गोरीपान, गुटगुटीत, हातात सोन्याच्या बांगड्या, गोड गोड बोलणारी. रोहितला बाळा म्हणत असेल. तूप ओतत असेल. कुणास ठाऊक, भाजीत काहीबाही पूडही घालत असेल, पोरं परत परत यावीत म्हणून. भांडी घासताना, कांद्याची पात खुडताना, अंघोळीलासुद्धा लंकाबाई त्या बाईशी भांडायची. तुळशीच्या लग्नापर्यंत तिनं कळ काढली. मग एका शनिवारी तिनं बाजरीचं पीठ, कढवलेलं तूप, लसणाची चटणी असं सगळं पिशवीत भरलं आणि सटाण्यावरून नाशिकची एसटी धरली. म्हटलं, एकदा बघूनच येऊ, हिच्या हातात काय आहे ते.

रविवारी दुपारी रोहित तिला मेसवर घेऊन गेला. मोठं काही नव्हतं. इंदिरानगरातल्या एका गल्लीत तळमजल्याचं घर, बाहेरच्या खोलीत सतरंजी, भिंतीवर टीव्ही. दार उघडलं ते एका हडकुळ्या, सावळ्या बाईनं. केस कसेतरी वर बांधलेले, गाऊनवर ओढणी, हातात काचेच्या दोन बांगड्या.

"प्रतिभाबाई आहेत का?" लंकाबाईनं विचारलं.

"मीच की. तुम्ही रोहितच्या आई ना? या या ताई, बसा. पायपुसण्यावरून घसराल हां, जपून."

लंकाबाईला फसवल्यासारखं वाटलं. भांडायला आलेल्या माणसाला समोर भांडण्याजोगं माणूस तरी हवं ना! ती बसली. पाचसहा पोरं जेवायला आली होती. एक एकलहऱ्याच्या वीज केंद्रात काम करणारा, बाकीचे कंपन्यांतले. प्रतिभानं पातेली आणली आणि सतरंजीच्या मधोमध ठेवून दिली. पोळ्यांचा डबा उघडा करून ठेवला. "घ्या रे," म्हणाली आणि स्वतः दाराशी बसून टीव्ही बघायला लागली. मॅच चालू होती. पोरांनी आपापलं वाढून घेतलं, एक जण भिंतीला डोकं टेकून खात होता, दुसरा फोन बघत होता.

लंकाबाईनं पहिला घास तोंडात घातला. आमटी पातळ. बटाट्यात मीठ कमी, पोळी एका बाजूनं कच्ची. दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. काही नव्हतं हो! पूड नव्हती, तूप नव्हतं, चवही नव्हती. तिला आनंद व्हायला हवा होता. उलट तिचा जीव घाबरा झाला, कारण मग पोरगं भरलं कशावर?

म्हणून तिनं ताट बाजूला सारलं आणि रोहितकडं बघायला लागली. सवयीनं गुडघा वर आला, हनुवटी त्यावर टेकली. रोहितनं घास उचलला, तिच्याकडं बघितलं आणि हात मंद झाला. एक पोळी संपली. दुसरी त्यानं चिवडायला घेतली. दुसऱ्या पोळीचा तुकडा ताटातच राहिला आणि त्यानं पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

"काय रे?" प्रतिभा टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाली. "डबा हलका व्हायला पाहिजे होता एव्हाना. रोज सहा हाणतोस, आज दोन?"

"सहा?" एकलहऱ्याचा पोरगा हसला. "काल सात झाल्या. माझ्या वाटची पण खाल्ली ह्यानं."

रोहितनं मान खाली घातली. त्याचे कान लाल झाले. लंकाबाईची हनुवटी गुडघ्यावरून उठली.

पोरं गेल्यावर ती आत मोरीपाशी गेली. प्रतिभा भांडी विसळत होती. लंकाबाईनं आडवळण घेतलंच नाही. "बाई, काय घालता हो आमटीत?"

"पाणी," प्रतिभा म्हणाली आणि खळखळून हसली. "खरं सांगते ताई, माझ्या हाताला चव नाही. पोरं तोंडावर सांगतात. आमचे हे रिक्षा चालवतात, दोन मुलींच्या फिया असतात, म्हणून हा उद्योग. रोहित मात्र कधी नावं ठेवत नाही. गुणी आहे." मग तिला काहीतरी आठवलं. "सुरुवातीला फार बुजायचा. ताट घेऊन भिंतीकडं तोंड करून बसायचा. महिनाभर! मला वाटलं, असेल एखाद्याची तऱ्हा. आपण कशाला विचारायचं? मी आपली माझ्या टीव्हीत. एक दिवस बघते तर इकडं तोंड करून बसलेला, आणि डबा रिकामा."

लंकाबाईनं पिशवीतलं तूप काढून ओट्यावर ठेवलं. ते ती रोहितसाठी घेऊन आली होती.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून ती रडली. शेजारच्या बाईला वाटलं, गाडी लागते आहे, तिनं लिंबू दिलं. लंकाबाईनं ते हुंगलं आणि रडत राहिली. भिंतीकडं तोंड करून! कुणाची नजर चुकवत होता तो तिथं? तिथं तर कुणी बघत नव्हतं. शंभर किलोमीटरवर बसलेली आई त्या पोराच्या ताटासमोर हनुवटी टेकवून बसलेलीच होती. तिला आता सगळ्या भाकरी आठवल्या. घास तोंडात घालायच्या आधी त्यानं दरवेळी तिच्या चेहऱ्याकडं बघितलेलं आठवलं. पोरगं जेवतच नव्हतं, रोज दोन वेळा परीक्षेला बसत होतं, आणि नापास होत होतं.

आणि तरी, आता हे ऐका, तरी ती जळतच होती. आधी तिला वाटायचं, त्या बाईनं आपल्यापेक्षा जास्त केलं म्हणून पोरगं तिचं झालं. आता कळलं, तिनं काहीच केलं नाही. पाणी घातलं, टीव्ही बघितला. कष्टानं कुणी पुढं गेलं तर सोसवतं. नुसती मान दुसरीकडं वळवून कुणी आपलं पोर पोसून दाखवलं तर त्याचं काय करायचं? घरी आल्यावर तिनं गेणूला एवढंच सांगितलं, "मार्गशीर्षातला पहिला मंगळवार धर. गूळ सांगून ठेव."

त्या मंगळवारी देवीच्या ठाण्यापाशी अर्धं नामपूर जमलं. गेणूनं मार्केटातला जुना तराजू आणून तीन बांबूंना टांगला. गुळाच्या ढेपी ओळीनं मांडल्या होत्या. रोहित अवघडून उभा होता. पारड्यात बसायचं म्हटल्यावर त्याचा चेहरा सहा वर्षांपूर्वीचाच झाला.

"आधी गोणी," लंकाबाई म्हणाली.

गेणूनं मान हलवली. पन्नास किलोची कांद्याची गोणी एका पारड्यात पडली. रोहित दुसऱ्यात बसला. क्षणभर दांडी थरथरली, मग गोणी उचलली गेली. वर गेली ती वरच राहिली, आणि रोहितचे पाय जमिनीला लागले. हमालांनी शिट्ट्या मारल्या. म्हातारा झालेला मोतीराम पुढं आला, टोपी काढली आणि म्हणाला, "भरलं गं वहिनी पोरगं. माझं तोंड काळं झालं." लंकाबाईनं त्याच्याकडं बघितलं. सहा वर्षं याला काय काय बोलायचं हे तिनं ठरवून ठेवलं होतं. तिनं त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

मग गूळ चढला. सहा ढेपी आणि वर फोडलेले तुकडे. काटा बरोबर मध्ये आला तेव्हा गेणूचेही डोळे भरले. बायकांनी लंकाबाईला गराडा घातला. भागीबाई पुढंच. "आता तरी सांग गं, शेवटी काय चारलंस?"

सगळ्या तिच्या तोंडाकडं बघायला लागल्या. रोहितही बघत होता. खोटं बोलली असती तर त्यानं काही म्हटलं नसतं. डिंक म्हणाली असती तर डिंक, तूप म्हणाली असती तर तूप, गावानं मान डोलवली असती. प्रतिभा इथं नव्हती. बोलावलीच नव्हती तिला, एवढं काही लंकाबाईचं मन मोठं झालं नव्हतं.

"मी काय चारणार?" ती म्हणाली. "त्याचं त्यानं चढवलं."

रोहितबरोबर नाशिकहून आलेल्या वेदिकानं चटकन वर बघितलं. बाकीच्यांना कळलं नाही, त्या गुळाकडं वळल्या. लंकाबाईनं एक बरासा तुकडा फोडला, फडक्यात बांधला आणि रोहितच्या हातात दिला. "त्या बाईला दे. आन सांग, आमटीत टाक, जरा चव यील."

दुपारी घरी आली तेव्हा रोहितला भूक लागली होती. लंकाबाईनं ताट वाढलं. भरीत, पातीचा कांदा. बाजरीच्या भाकरींचं टोपलं त्याच्या हाताशी ठेवलं. गुडघा वर यायला बघत होता, तो तिनं दाबला. उठली, चुलीपाशी गेली आणि त्याच्याकडं पाठ करून भाकरी थापायला बसली.

सोपं नव्हतं ते. मानेला कुणीतरी मागून ओढत होतं. घरात टीव्ही होता, तो लावायचा विचार मनात आला आणि लाज वाटली. ती पीठ मळत राहिली. मग मागं टोपल्यावरचं फडकं सरकल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं परत. कांदा कचकन चावल्याचा आवाज. मग परत फडकं.

"आई," रोहित तोंडात घास असतानाच म्हणाला, "टोपलं संपलं. अजून आहे का?"

लंकाबाईनं तव्यावरची फुगलेली भाकरी उचलली आणि न वळता हात मागं केला. भाकरी हातातून गेली. तिनं लगेच दुसरा गोळा घेतला, तो थापायला लागली, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायलाही ती वळली नाही. पण ओठ हलत होते. टोपल्यात तीन होत्या, ही चौथी. बाजरीची एक भाकरी म्हणजे प्रतिभाच्या दोन पोळ्या.

"आठ," लंकाबाई परातीला म्हणाली.